डाव्या सीटचा पट्टा

जुनी गाडी बघायला जायचं तर ठरलेल्या वेळेच्या पंधरा मिनिटं आधी पोचायचं, म्हणजे मालकाला इंजिन आधीच तापवून त्याचे दोष लपवायला वेळ मिळत नाही. हा माझ्या यादीतला पहिला मुद्दा. एकूण मुद्दे बावीस. नुकतीच मी शाळेच्या वादविवाद स्पर्धेत पहिली आले होते, आणि तेव्हापासून कुठल्याही विषयावर बावीस मुद्दे काढल्याशिवाय मला चैन पडत नव्हतं. मामा म्हणायचा, पोरगी उत्तम आहे, फक्त कंपनीकडून बंद करायचं बटण द्यायचं राहिलंय.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. त्याचं गॅरेज आहे आणि तो गॅरेजच्या वरच राहतो. आई गाडी चालवायला शिकवते. गेली एकोणीस वर्षं. गावातले निम्मे लोक तिच्या हाताखालून, खरं म्हणजे तिच्या पायाखालून, गेलेले आहेत. शिकवायच्या गाडीत डाव्या सीटपुढेही ब्रेक असतो आणि तो आतून उजव्या ब्रेकला जोडलेला असतो. आईने डावीकडे दाबला की शिकणाऱ्याच्या पायाखालचा ब्रेकही आपोआप खाली जातो.

तिचे दोन नियम आहेत. पहिला, ब्रेक ज्याने दाबला त्याने लगेच ‘मी’ म्हणायचं. नाहीतर शिकणाऱ्याला वाटतं, वा, गाडी मीच थांबवली, आणि पुढच्या चौकात तो कुणाला तरी उडवतो. दुसरा नियम तिने कधी बोलून दाखवलेला नाही, पण तिचे सगळे विद्यार्थी सांगतात. आरसा न बघताच कुणी ‘बघितला मॅडम’ अशी थाप मारली, तर आई रागवत नाही, मान वळवत नाही, फक्त ब्रेक एकदा हलकेच दाबून सोडते. पायाखाली टिचकी बसते म्हणे. एक मोठे साहेब मला म्हणाले होते, बायकोशी खोटं बोलताना अजून तळवा शिवशिवतो.

आठ महिन्यांपूर्वी एका चौकात आईचा पाय एक सेकंद उशिरा पडला. शिकणाऱ्याने घाबरून ब्रेकऐवजी दुसरंच पेडल दाबलं होतं आणि समोरून पाव पोचवणारा सायकलवाला आला. त्याचं मनगट मोडलं. ते सहा आठवड्यांत जुळलं, तो हसत येऊन दाखवूनही गेला. आईचं मात्र काहीतरी जुळलं नाही. ती बसमध्ये बसली तरी तिचा उजवा पाय जमीन दाबायचा. जेवताना टेबलाखाली दाबायचा. पूर्वी ती गाडीत शीळ घालायची, ती बंद झाली. आणि मला शिकाऊ परवाना मिळायचं वय जवळ आलं तशी एक दिवस भाजी चिरता चिरता म्हणाली, मी सगळ्या गावाला शिकवीन, तुला नाही. तुझ्या शेजारी मला बसवणार नाही.

माझ्याकडे या विषयावरही बावीस मुद्दे होते. तिचा चेहरा बघून मी एकही काढला नाही.

औषध मामाने सुचवलं. त्याचं म्हणणं, हिची एकोणीस वर्षं डावीकडे बसण्यात गेली, स्वतः गाडी चालवणं म्हणजे काय हेच ही विसरली. हिला एक चांगली पळणारी गाडी घेऊन द्यायची. जुनी चालेल, पण दोन दारांची, गिअर हाताने टाकायची आणि एकच ब्रेक असलेली. रविवारी घाटात जायचं, वळणं घ्यायची, परत यायचं. आई म्हणाली, या वयात? मामा म्हणाला, गाडीचं वय बघायचं असतं ताई, बाईचं नाही.

पहिली गाडी लाल होती आणि तिच्या पाठीवर एवढा मोठा पंख लावलेला होता की मला वाटलं काहीतरी वाळत घातलंय. आम्ही पंधरा मिनिटं आधी पोचलो तरी मामाने बॉनेटवर तळहात ठेवला आणि माझ्याकडे बघून डोळा बारीक केला. गरम. गरम इंजिन आणि हसरा मालक एकत्र दिसले की घरी जायचं, असं त्याचं शास्त्र आहे. दुसरी गाडी पांढरी, दिसायला देखणी, पण उजव्या दाराची फट वर करंगळीएवढी आणि खाली नखाएवढी. म्हणजे कुठेतरी आपटून सरळ केलेली. आणि दोन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी घडली. चावी घेऊन आई गाडीपाशी गेली आणि डावीकडचं दार उघडून बसली. सवयीने. बसून चावी लावायची जागा शोधत राहिली. दुसऱ्या ठिकाणचा मालक मामाला म्हणाला, ताईंना बसायची हौस दिसते, चालवणार तुम्हीच ना?

तिसरी गाडी दातांच्या डॉक्टरांची.

डॉक्टर सत्तरीचे, नीटनेटके, शर्टाचं वरचं बटण लावलेले. गाडी गर्द हिरवी होती. झाकण घातलेली, थंडगार, टायरवरच्या तारखा ताज्या, सर्व्हिसचं पुस्तक पहिल्या पानापासून एकाच अक्षरात. मामाने तेलाचं झाकण उघडून वास घेतला, खाली झोपून टॉर्च मारला, एक्झॉस्टच्या नळीत बोट फिरवलं आणि काहीच बोलला नाही. मामा काहीच बोलत नाही तेव्हा गाडी चांगली असते. मी यादीवर धडाधड बरोबरच्या खुणा करत गेले. सतराव्या मुद्द्यावर थांबले. सतरावा मुद्दा: सगळे पट्टे ओढून बघणे.

डाव्या सीटचा पट्टा लावलेला होता. रिकाम्या सीटवर.

डॉक्टर म्हणाले, तो तसाच असू द्या. काढला की गाडी पिं पिं करत राहते, तिला वाटतं कुणीतरी पट्टा न लावता बसलंय. सेन्सर दोनदा बदलला, उपयोग झाला नाही. लावून ठेवला की गप्प असते.

मी विचारलं, शेजारी कोण बसायचं? माझ्यासारख्या मुलीने विचारलं की लोक सहसा उत्तर देतात. डॉक्टर म्हणाले, कुणी नाही. अकरा वर्षं मी एकट्यानेच चालवली. बायकोला वेगाची भीती. मग जरा थांबून म्हणाले, आता मान वळत नाही, म्हणून विकतोय. एरवी विकली नसती.

आई यावेळीही डाव्या दारापाशीच गेली होती. दार उघडलं, पण ती बसली नाही. खाली बघत उभी राहिली.

डावीकडच्या पायपुसण्यावर टाचेची खूण होती. त्याची काळी लव एका जागी झिजून खालचं रबर दिसत होतं. अर्ध्या चंद्रासारखं, एका बाजूला छोटी खाच. शिकवायच्या गाडीत बरोबर याच जागी अशी खूण पडते, कारण टाच तिथे टेकवून पंजा ब्रेकवर धरायचा असतो, दिवसभर, रोज.

“ही शिकवायची गाडी होती?” आईने विचारलं.

डॉक्टर म्हणाले, छे.

मामाने पायपुसणं उचललं, गालिचा सोलला, पत्र्यावर बोटं फिरवली. डावीकडे ब्रेक बसवला असता तर पत्र्याला भोकं पाडावी लागली असती. पत्रा कारखान्यातून आला तसा होता, कोरा. मामा म्हणाला, डॉक्टर, तुमचा शेजारी फारच घाबरट होता बुवा. डॉक्टर हसले नाहीत.

मग आई उजवीकडे गेली, बसली आणि मामा आणि मी मागच्या फळीवजा सीटवर गुडघे तोंडाशी घेऊन कोंबलो. गावाबाहेरचा सरळ रस्ता लागला. आईने तिसरा गिअर टाकला आणि पाय दिला. पाठीला कुणीतरी तळहाताने ढकलावं तसं झालं. मी आरशात आईचा चेहरा बघत होते. आठ महिन्यांत पहिल्यांदा तिचा उजवा पाय नुसता पाय होता. वळणावर तिने एक गिअर खाली घेतला, गाडी रुळावर असल्यासारखी वळली, आणि मला शीळ ऐकू आली. अर्धीच ओळ, तीही बेसूर. मामाने माझा हात दाबला. त्याच क्षणी गाडी आमची झाली.

पहिल्या रविवारी मी डावीकडे बसले. पट्टा काढला, माझ्या अंगावर घेतला, लावला. सगळं ठीक. फक्त नाटकाला जाऊन चुकून दुसऱ्याच्या नंबरच्या खुर्चीत बसल्यासारखं वाटत राहिलं. सीट कोमट होती. गाडी सकाळपासून सावलीत होती, पण काळ्या कातड्याचं असं होतं, मी स्वतःला सांगितलं. दुसऱ्या रविवारी मी काही न बोलता मागे बसले. आईनेही कारण विचारलं नाही. पट्टा तसाच लावलेला ठेवला.

त्या दिवशी खाणीच्या रस्त्यावर एक आंधळं वळण आलं. दरड डावीकडे, पुढचं काही दिसत नाही. आई मजेत होती. पाय ॲक्सिलरेटरवर होता, हे मी पाहिलं होतं, कारण मी दोन सीटच्या मधून मान काढून बसले होते.

गाडी थांबायला लागली.

गचका नाही. एक जाणता पाय दाबतो तसा ब्रेक लागला, आधी जरासा, मग जास्त, मग थांबायच्या आधी पुन्हा हलका, म्हणजे मान पुढे जात नाही. वळणापलीकडे एक ट्रक चाक काढून उभा होता आणि ड्रायव्हर रस्त्यात उकिडवा बसून नट शोधत होता. आमच्यात आणि त्याच्या पाठीत चार हात अंतर.

आईने डावीकडे बघितलं. सवयीने, जणू तिथे कुणी तरी होतं.

“कुणी दाबला?”

मी मागून म्हणाले, मी नाही. आणखी कुणी काही म्हणालं नाही. इंजिन हळू गुरगुरत होतं. ट्रकवाल्याने वळून आम्हाला सलाम केला आणि पुन्हा नट शोधायला लागला.

मामाने गाडी दोन दिवस ठेवून घेतली. ब्रेकची नळी, तेल, पंप, सगळं सोडवून टेबलावर मांडलं. आपोआप थांबणाऱ्या गाड्या नवीन निघाल्यात, ही त्यातली नाही, हिच्यात तसलं यंत्रच नाही, म्हणाला. मग उगाच, काहीतरी केलं पाहिजे म्हणून, त्याने डावीकडचं पायपुसणं बदललं. नवीन आणलं, राखाडी, मऊ, उभ्या लवेचं. जुनं मी माझ्या खोलीत नेलं. का, ते सांगता येत नाही.

नंतरचा रविवार माझ्या परीक्षेत गेला. आई एकटीच गेली आणि गालांवर लाली घेऊन परत आली. जेवताना टेबल हललं नाही. मी मनसोक्त चिडवलं, कोण भेटलं घाटात? ती हसली. मग म्हणाली, एक गंमत सांगू का, मी पर्स शेजारच्या सीटवर ठेवली होती. घाटात चहाला उतरले तेव्हा ती मागच्या सीटवर होती. पुन्हा पुढे ठेवली. घरी आले तर पुन्हा मागे. उभी, चेन वर करून. कुणीतरी नीट उचलून ठेवावी तशी.

मी म्हणाले, वळणावर गेली असेल उडून. हे बोलताना मलाच माझा मुद्दा लंगडा वाटला.

तिसऱ्या आठवड्यात नव्या पायपुसण्यावर लव दबायला लागली. अर्धा चंद्र, एका बाजूला खाच.

मी जुनं पायपुसणं खोलीतून आणलं आणि दोन्ही शेजारी ठेवली. मामाने बघितलं. तो खाली वाकला, आईच्या उजव्या पायातला बूट त्याने न विचारताच काढून घेतला आणि उलटा केला. आईची टाच बाहेरच्या कडेला झिजते, म्हणून चांभार तिला दर चार महिन्यांनी अर्धगोल रबर ठोकून देतो. त्याच्या हत्यारामुळे रबराला एका बाजूला नेहमी खाच पडते. मामाने बूट जुन्या खुणेवर ठेवला. डब्यावर झाकण बसावं तसा बसला.

ती खूण आम्ही गाडी बघायच्या आधीची होती. अकरा वर्षांत पडलेली.

मामा म्हणाला, ताई, मी उद्या ही परत देऊन येतो. दुसरी बघू. त्याचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. मीही मान हलवली.

आईने बूट घेतला, पायात घातला आणि शांतपणे बंद बांधला.

“एकोणीस वर्षं मी दुसऱ्यांसाठी ब्रेकवर पाय धरून बसले. कितीदा दाबला, निम्म्यांना कळलंही नाही. आता माझ्यासाठी कुणी बसलंय, तर मी त्याला उतरवू?”

गाडी राहिली. फक्त आईने डॉक्टरांना एकदा फोन केला. ते म्हणाले, नाही हो, मी एकटाच चालवायचो. फोन ठेवायच्या आधी त्यांनी विचारलं, पट्टा लावता ना? लावते, म्हणाली आई. मग बरं, ते म्हणाले.

सांगायची लाज वाटते, पण आम्हाला सवय झाली. आई गाडीत बसली की डावीकडे बघून ‘चला’ म्हणायची. मी मागे चढताना डावी सीट ढकलायचे नाही, उजवीकडून जायचे. मामासुद्धा गाडी धुताना डावं दार हलक्या हाताने लावायचा. शीळ आता पूर्ण ओळीची झाली होती. बेसूरच.

आणि माझा शिकाऊ परवाना आला त्या दिवशी, मी काही न मागता, आईने हिरव्या गाडीची चावी माझ्या ताटाशेजारी ठेवली. म्हणाली, मी बसते डावीकडे. या गाडीत बसेन.

पहिले दोन रविवार तिने राखाडी पायपुसणं मनापासून दाबलं. तिची टाच बरोबर त्या खुणेत होती. तिथे ब्रेक नाही हे तिला ठाऊक होतं, मलाही, तरी मी क्लच चुकीचा सोडला की दोघींना ते पेडल असल्यासारखंच वाटायचं. मी दर वेळी ओरडून सांगायचे, मी! मी दाबला! ती म्हणायची, कळलं गं, गावाला नको सांगू.

तिसऱ्या रविवारी दुपारी घाट उतरताना ती बोलेनाशी झाली. मला वाटलं माझं काही चुकलं. हळूच बघितलं.

आई झोपली होती.

तिने बूट काढून मागच्या सीटवर ठेवले होते आणि दोन्ही पाय वर घेऊन मांडी घातली होती. डोकं काचेला टेकलेलं, तोंड किंचित उघडं. एकोणीस वर्षांत ती चालत्या गाडीत डावीकडे कधी झोपली नव्हती. मला रडू येईल की काय असं वाटलं, आणि मी गाडी अशी चालवायला लागले जणू मागे अंडी भरलीयत.

खाणीचं वळण आलं.

मी वेग कमी केला होता. पुरेसा केला होता, असं मला वाटत होतं.

ब्रेक माझ्या पायाखाली स्वतः खाली गेला. आधी जरासा, मग जास्त, मग हलका.

वळणापलीकडे एक लहान मुलगी रस्त्याच्या मधोमध सायकल उलटी ठेवून साखळी बसवत होती. तिने मान वर केली, मला जीभ दाखवली आणि सायकल ओढत कडेला गेली.

मी कुजबुजले, “मी नाही दाबला.” नियम म्हणजे नियम.

आईचा श्वास संथ चालला होता. दोन्ही पाय सीटवर होते. खाली, राखाडी लवेत, अर्धा चंद्र खोल दबलेला होता. मी बघत असताना लव एकेक करून उठायला लागली.

मी गाडी पुढे काढली.

घराच्या फाटकापाशी आई जागी झाली. आळस दिला, मागून बूट घेतले, दार उघडून खाली उतरली, खडीवर उभी राहून ते पायात घातले. मग खाली वाकून आत बघितलं. तिचा चेहरा उशीवरून उठल्यासारखा, मऊ, कितीतरी वर्षांनी लहान दिसत होता.

“झोपले की काय मी? मधे कुठे थांबावं लागलं का गं?”

एकदा, म्हणाले. खाणीच्या वळणावर. एक मुलगी होती.

तिचा हात दारावर घट्ट झाला. “तू दाबलास ना ब्रेक? वेळेवर?”

मी खरं सांगितलं असतं तर ती माझ्या शेजारी पुन्हा कधी पाय वर घेऊन बसली नसती. कुणी का जागं असेना.

“हो आई,” मी म्हणाले. “मीच.”

डावी सीट रिकामी होती. आईचे दोन्ही पाय बाहेर खडीवर होते. आणि माझ्या तळव्याखालचा ब्रेक हलकेच, एकदाच, दबून वर आला.